एक घोट गिळला असतात, दाजी

दाजी, तुम्हाला जाऊन अजून पंधरवडा झाला नाही आणि गावानं तुमचा देव करून टाकला. जो तो तुमचंच गातोय. कुणी म्हणतं, माणूस सोन्यासारखा. कुणी म्हणतं, जन्मात खोटा शब्द तोंडातनं गेला नाही. काल शिंदीच्या दुकानापुढं दोघं-तिघं सांगत बसले होते, की दाजींनी चांगलं म्हटलं ते चांगलं, वाईट म्हटलं ते वाईट, त्यांचा निकाल कधी चुकला नाही. मी तिथंच उभा होतो. मी म्हटलं, एकदा चुकला. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काय मी मेलेल्या माणसाच्या तोंडावर मारलं. मी काठी टेकत घरी आलो आणि लिहायला बसलो.

मला लिहिणं फारसं येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन यत्ता काढल्या, त्या बी उर्दूत. मराठी अक्षर नंतर पोथीवरनं उचललं. पण तुमच्याशी तोंडानं भांडायची सोय आता राहिली नाही, म्हणून कागदावर भांडतो. तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे नवरे. तुम्हाला कायम अहो-जाहो केलं. एवढं वैर केलं पण कधी अरे-तुरेवर आलो नाही, हे तेवढं ध्यानात ठेवा.

परगावच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, की गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस दारूची पारख करायचा. पण आमच्या गावात ते सगळ्यांनी बघितलंय. बोरी नदीच्या काठच्या झाडांची शिंदी उतरून आली, की गुत्तेदार तुम्हाला बोलावणं धाडायचा. तुम्ही यायचात, उपरणं सावरून बसायचात. मडक्यातनं वाटीभर काढून पुढं ठेवायची. तुम्ही आधी बघायचात, मग नाकाजवळ न्यायचात, मग चमचाभर तोंडात घेऊन ह्या गालातनं त्या गालात फिरवायचात. आणि थुंकायचात. त्यावर पाण्याची चूळ, आणि माळेला बोट लावायचं. मग निकाल. ही ओढ्याकडची. हिच्यात पाणी पडलंय. हे मडकं नीट धुतलं न्हाय. गुत्तेदार ऐकायचा, पिणारे ऐकायचे. तुमच्या माळेमुळंच तुमच्यावर जास्त भरवसा. पिणारा माणूस पिण्याच्या लालचीनं वाईटाला चांगलं म्हणेल, हा कशाला म्हणेल, असा हिशोब. मला बी तो हिशोब तेव्हा पटायचा. तुमच्या शेजारी बसून मी तुमची बोलणी ऐकलीत. नाकानं मडकं ओळखायला मला तुम्हीच शिकवलंत. ते मी नाकारत नाही.

पण गिळायला मला तुम्ही शिकवलं नाही. ते मी माझं शिकलो. आणि आपलं सगळं भांडण तेवढ्या घोटाचंच.

तिकडं विलायतेत लढाई सुरू झाली आणि सोलापूरवरनं येणाऱ्या विलायती बाटल्या थांबल्या. आमचे जहागीरदार हैदराबादेत राहून आलेले, त्यांना बिअरचा नाद. ती बी पिवळी पाण्यासारखी नाही, तांबूस लागायची, मधाच्या रंगाची. एका दुपारी त्यांनी आपल्या दोघांना बोलावलं. शेवटची बाटली राहिली होती. ती त्यांनी स्वतः उघडली, दोन लहान पेल्यांत ओतली आणि म्हणाले, "भानुदास, ऐसी बना सकते? दाजी, तुम याद रखो, कैसी है."

मी गुत्तेदाराच्या भट्टीवर मोहाची फुलं भिजवण्यापासून सगळी कामं केलेली. आंबवण्यातलं मला कळत होतं. मी पेला खिडकीच्या उजेडात धरला. काकवी पातळ करून गाळावी तसा रंग, वर साईसारखा फेस. वास भाजलेल्या धान्याचा. तोंडात घेतल्यावर आधी गोडसर, मग जराशी आंबट, आणि मला वाटलं, बस, एवढंच. मग मी घोट गिळला. आणि गिळल्यावर मागनं, घशाच्या तळातनं, एक कडू वर आलं. लई बारीक, स्वच्छ, हळूहळू चढत गेलं आणि सगळं तोंड धुऊन निघालं. पुढचा घोट घ्यावासा वाटला तो त्या कडूमुळं. त्या क्षणी मला कळलं, की ह्या दारूचा जीव घशात आहे, जिभेवर नाही.

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पिकदाणीत थुंकत होतात.

तिथंच तुम्ही चुकलात, दाजी. नंतरच्या सगळ्याचं बीज तिथं पडलं. जी गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती ती तुम्ही अर्धीच ठेवलीत आणि ती अर्धी आहे हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं.

जहागीरदारांनी सांगितलं, जमलं तर भर पाहुण्यांत फेटा बांधीन आणि माझ्या घरचा उस्ताद म्हणून तुझं नाव घेईन. तुम्हाला जन्मभर मान मिळाला, तुम्हाला त्या फेट्याचं काय. मी साठीला टेकलो होतो आणि कुणी मला भट्टीवरचा भानुदास ह्याच्यापलीकडं हाक मारली नव्हती. मला तो फेटा पाहिजे होता. अजूनही पाहिजे. खोटं कशाला बोलू.

विलायती धान्य कुठनं आणायचं? मी आपला शाळू घेतला. रात्रभर भिजवला, ओल्या पोत्यात गुंडाळून मोड आणले, सावलीत वाळवला. त्यातला थोडा खापरावर भाजला, रंगासाठी. पहिल्या खेपेला करपला, सगळं कोळशासारखं लागलं. दुसऱ्या खेपेला मोड उन्हात वाळवले, तर गोडीच उतरली नाही. आक्कानं तिच्या जात्यावर जाडंभरडं दळून दिलं आणि वर बोलली, की भानू, माझ्या जात्याला आता देवाचं पीठ दळायची लाज वाटेल. पाणी किती ऊन पाहिजे, तर हात घालता यावा पण ठेवता येऊ नये. मग गाळायचं, मग उकळायचं, आणि उकळताना किराईत टाकायचं. तापावर काढा करतात तेच किराईत. कडूसाठी मी काय काय टाकून बघितलं, कडुलिंबाचा मोहर सुद्धा. ते सगळं जिभेवरच कडू होऊन बसायचं. किराईत मात्र बेतानं टाकलं की घशात जाऊन बसायचं. ते सापडलं त्या दिवशी मी एकटाच हसलो होतो. आंबवायला शिंदीच्या मडक्याच्या तळातला गाळ.

आणि ठेवायला जागा तुम्ही दिलीत. हे कुणाला सांगितलं तर हसतील. उन्हाळ्यात आमच्या मुलखात थंड जागा एकच, रिकामं पेव. जमिनीत धान्य साठवायचा तो खड्डा माझ्या घरी नव्हता, तुमच्या दारात होता. मी विचारायला आलो तेव्हा वाटलं होतं माळ दाखवून हाकलून द्याल. तुम्ही म्हणालात, "माळ माझ्या गळ्यात हाय, पेवाच्या न्हाय." आक्का आत पदर तोंडाला लावून हसली. रांजण पेवात उतरवायला तुम्ही स्वतः दोर धरलात.

त्या पेवाचंच आता सांगायचंय, कारण ते सांगितल्याशिवाय तुमच्यावरचा राग पुरा होत नाही.

पेवात उतरायची रीत शेणामातीतल्या पोरालाही ठाऊक असते. तोंडावरची फरशी काढायची, वारं खेळू द्यायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. आतली हवा विषारी असते. आणि मी तर आत आंबणारा रांजण ठेवला होता. पण त्या दिवशी फेस बसला असेल, बघू, एवढंच डोक्यात. मी फरशी सारली आणि तसाच उतरलो. रांजणावर वाकलो तेवढं आठवतंय. मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे वर येत होते.

पुढचं मला आक्कानं सांगितलं. तुम्ही अंगणात होतात. दोन हाका मारल्यात, आतनं ओ नाही. तुम्ही छातीत दम भरलात, दोराचं टोक हातात घेतलंत आणि उडी टाकलीत. माझ्या बगलेखालनं दोर बांधून वर चढलात. ह्यात कुठं श्वास घेतला नाहीत. मग वर ओढलंत. तुमचं बी वय झालेलं, पण ओढलंत. मला शुद्ध आली ती तुमच्या थोबाडीत मारण्यानं. डोळे उघडून मी पहिलं विचारलं, रांजण फुटला का? तुम्ही म्हणालात, "रांजण धड हाय. भांडं फुटलंय ते तुझ्या मानेवरचं."

त्या ओढाताणीत तुमची माळ तुटली होती. मणी सगळे पेवात. माळ गळ्यात नसताना तुम्ही अन्न घेणार नाही, हे आम्हाला ठाऊक. पेव उघडं ठेवून वारं जाईपर्यंत, मग मणी वेचून आक्कानं ओवीपर्यंत, तुम्ही दिवसभर उपाशी बसलात. एक मणी सापडला नाही. तेवढी माळ तोकडी झाली. त्यावर तुम्ही कधी मला बोलून दाखवलं नाही.

बोलून दाखवलं असतंत तर बरं झालं असतं. मी दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि फिटंफाट झाली असती. तुम्ही जीव वाचवलात, गप बसलात, आणि पुढच्याच पौर्णिमेच्या आत माझं नाव मातीत घातलंत. ज्या हातानं वर ओढलं त्याच हातानं. आता सांगा, अशा माणसावर धड रागावता येतं का? मी तरी रागावलो. उपकाराखाली राग दाबायचा माझा स्वभाव नाही.

हैदराबादचे दोन पाहुणे आले होते. जहागीरदारांच्या सोप्यात बैठक. मी रांजण गाळून आणला होता, तांबूस, नितळ, आरपार दिसेल असा. काचेच्या पेल्यांत ओतला तेव्हा वर बोटभर फेस आला. जहागीरदारांनी पेला उजेडाला धरला आणि म्हणाले, "रंग तो आ गया, भानुदास." कोपऱ्यात तबकात फेटा घडी करून ठेवलेला मी बघितला. गुलाबी होता. पण त्या घरात पाहुण्याच्या ओठाला लागायच्या आधी सगळं तुमच्या जिभेवरनं जायचं. पेला तुमच्याकडं आला.

तुम्ही बघितलंत. नाकाजवळ नेलात. तोंडात घेऊन ह्या गालातनं त्या गालात. मी तुमच्या गळ्याकडं बघत होतो. मनात म्हणत होतो, आज तरी गिळा, एकदाच गिळा. गळ्याची घाटी हलली नाही. तुम्ही पिकदाणीत थुंकलात, चूळ भरलीत, माळेला बोट लावलंत.

"सरकार," तुम्ही म्हणालात, "हिला सुरुवात हाय, शेवट न्हाय."

जहागीरदारांनी पेला तसाच खाली ठेवला. ओठाला सुद्धा लावला नाही. मी तेव्हा बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्या सोप्यात आवाज चढवून बोललो, की शेवट घशात असतो दाजी, गिळा आणि मग बोला. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "गिळलं तर माळ ऱ्हाईल का?" त्यावर जहागीरदार हसले, पाहुणे हसले. बाजू तुमची झाली. माळकरी माणूस, इमानदार, त्याला दारू गिळायला सांगणारा मी नालायक. फेट्याचं तबक आत गेलं. रांजण घोड्यांच्या पागेपाशी नेऊन पालथा केला. घोड्यांनी बी तोंड लावलं नाही म्हणून नोकर हसत होते. घोड्यांना काय कळतं.

माझ्या दारूवर कुणी निकाल दिला ह्याचं दुःख नव्हतं. वाईट म्हटलं असतंत तरी चाललं असतं. आंबट आहे म्हणायचं, करपट आहे म्हणायचं. पण तुम्ही म्हणालात शेवट नाही. जो शेवट तुम्ही स्वतः थुंकून टाकलात तो नाही म्हणालात.

घरी येताना वाटेत मी तेच बोललो. तुम्ही पुढं, मी मागं. तुम्ही म्हणालात, "भान्या, म्या जितवर गेलो तितवरचं सांगितलं."

मी म्हटलं, "मग तितवरचंच सांगायचं व्हतं. पुढं वाटच न्हाय असं का सांगितलं?"

ओढ्यापाशी थांबलात, धोतर वर घेतलंत आणि पाण्यातनं निघून गेलात. ह्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मरेपर्यंत दिलं नाहीत. मी तो प्रश्न किती जागी विचारला. लग्नाच्या मांडवात विचारला, मयतीला विचारला, शिंदीच्या दुकानापुढं चारचौघांत विचारला. तुम्ही दर वेळी उपरणं झटकून उठायचात. लोक म्हणायचे, दाजींचा केवढा मोठेपणा, उलट बोलत नाहीत. मोठेपणा नव्हता तो. उत्तर नव्हतं.

एक काम मात्र मी केलं होतं. जहागीरदारांची ती शेवटची बाटली रिकामी झाल्यावर मी मागून घेतली होती, आणि बैठकीच्या आधीच त्या रांजणातली दारू तिच्यात भरून, बूच मारून, वर मेण ओतून ठेवली होती. कशासाठी? जमलं तर आठवण म्हणून. जमलं नाही तेव्हा ती माझी साक्ष झाली. आक्काला सांगून मी ती तुमच्याच पेवात ठेवली. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही ती काढून फेकली नाहीत हे मी बघत होतो.

भाऊबीजेला मी आक्काकडं यायचो. ती ओवाळायची आणि तुम्ही अंगणात बसून दोर वळत असायचात. मी जाताना म्हणायचो, बाटली हाय म्हटलं. तुम्ही म्हणायचात, असू दे की, खायाला मागती का? वर्षाचं एवढंच बोलणं. आक्का म्हणायची, तुम्ही दोघं मेल्यावर मी त्या बाटलीचं देऊळ बांधते.

मग ते धामधुमीचं वर्ष आलं. रझाकारांच्या भीतीनं अर्धा गाव सोलापूरच्या हद्दीत निघाला. तुमची-माझी एकच गाडी. तुम्ही कासरा धरलेला, मी मागं, मधी आक्का आणि गाठोडी. मी रजईत काय गुंडाळून घेतलंय ते तुम्ही वळून बघितलंत आणि आक्काला म्हणालात, "लोकं डागिने घेऊन पळत्यात, तुझा भाऊ बाटली घेऊन पळतोय." भीतीनं रडकुंडीला आलेली आक्का त्यावर हसली. मी हसलो नाही. पण वाटेत गाडीचं चाक खळग्यात गेलं की तुम्ही बैल हळू घ्यायचात आणि एकदा मागं बघायचात, हे मी बघितलंय. आक्काकडं बघत होतात म्हणा. मी तसं समजत नाही.

निजाम गेला. जहागीरदार हैदराबादला निघून गेले, फेट्याचं तबक कुणाच्या हाती लागलं देव जाणे. आता तो फेटा बांधणारा बी कुणी उरला नाही. उरलात फक्त तुम्ही. तुमचा एक शब्द. तेवढ्यासाठी मी टिकून राहिलो म्हटलं तरी चालेल.

तुम्हाला खोकल्यानं धरलं तेव्हा आक्कानं निरोप धाडला. मी आलो. आधी पेवाकडं गेलो, मग तुमच्याकडं. माणसं म्हणतात, भानुदासनं मरणाऱ्याच्या उशाला दारू नेली. नेली. मी काही चोरून नेली नाही. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, छातीचा पिंजरा झालेला. मी बाटली तुमच्या हातात दिली. तुम्ही दाराच्या उजेडाकडं धरलीत. तशीच धरून राहिलात. कितीतरी वेळ. मी श्वास सुद्धा घेतला नाही.

"रंगात खोट न्हाय," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "आता घोटभर घ्या. कुणी बघत न्हाय. देव बी मला वळखतो, पाप माझ्या माथी मारंल."

तुम्ही हसलात. खोकला आला, त्यातनं बी हसलात. मग तुमचं बोट गळ्याशी गेलं, त्या तोकड्या माळेशी. "न्हाय भान्या," म्हणालात आणि बाटली माझ्या हातात परत दिलीत. मी उठून निघून आलो. निरोप घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मरताना आक्कानं तोंडात पाणी घातलं, ते गिळलंत म्हणे. पाणी गिळलंत.

परवा दहावा झाला. बोरीच्या काठाला सगळा गाव. पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर तीन-चार कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. तुम्हाला ठाऊक आहे ती रीत. मेलेल्याचं काही राहून गेलं असलं की कावळा शिवत नाही, मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. तुमच्या पुतण्यानं दिला, की काकूला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. भजनी मंडळींनी दिला, की एकादशीचं भजन मोडणार नाही. नाही. कुणीतरी म्हटलं गाईला विकणार नाही. ऊन डोक्यावर यायला लागलं. हळूहळू सगळा गाव माझ्याकडं बघायला लागला.

आक्का आली. माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "भानू, त्यांचं काय आडलंय ते तुला ठावं हाय. म्हण एकदा, त्यांचंच खरं व्हतं. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय. आक्का, माझं तेवढंच आहे.

मी पुढं झालो. हात जोडले. तुमच्या पिंडासमोर उभा राहिलो. सगळे वाट बघत होते, कावळे सुद्धा वाट बघत होते असं वाटलं. तुमचा जीव त्या बाभळीवर अडकलाय, एका वाक्यानं सुटेल, हे मला बी वाटत होतं. तुम्ही मला पेवातनं वर काढताना विचार केला नव्हता, हे बी आठवत होतं. तोंड उघडलं सुद्धा. पण ते वाक्य निघालं नाही, दाजी. ती दारू चांगली होती. मी ती गिळली होती. तुम्ही नव्हती गिळली. मी हात जोडून तसाच उभा राहिलो आणि मग मागं सरलो.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. गवताच्या काड्या मुडपून, गाठ मारून, चोच केल्यासारखी. तो पिंडाला लावला आणि म्हणाले, झालं, शिवला. लोकांनी सुस्कारा टाकला, अंघोळी करून घरी गेले. मी तिथंच बसलो. मला हसू आलं आणि राग बी आला. गवताच्या कावळ्याला जीभ नाही, घसा नाही. नुसता लावला, उचलला, आणि निकाल. तुम्हाला असाच निकाल आवडायचा ना? घ्या. तुमच्यावर बी तसाच लागला. आता बसा त्या बाभळीवर आणि मला सांगा, कसं वाटतं.

सांजच्याला मी बाटली घेऊन तुमच्या दारात आलो. घरी ठेवावी असं वाटलं होतं, पण तिची जागा पेवातच. आक्का आत पडून होती, तिला उठवलं नाही. फरशी सारली. वारं खेळू दिलं. मग दोराला कंदील बांधून आत सोडला आणि वाट बघत बसलो. इतक्या वर्षांत, तुम्ही होतात तोवर, मी एकदा बी आधी कंदील सोडला नव्हता. तुम्ही अंगणात दोर वळत बसलेले असायचात.

कंदील तळाला टेकला. विझला नाही, नीट जळत होता. तरी मी बराच वेळ बाटली मांडीवर घेऊन काठावरच बसून राहिलो.